दर्शनानंतरचं कोल्हापूर

कोल्हापुरात आलेला पाहुणा काय काय पाहून जाणार, हे स्टँडवरच्या कोणत्याही रिक्षावाल्याला तोंडपाठ असतं. सकाळी अंबाबाई, मग न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, उन्हं कलली की रंकाळा, मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी ज्योतिबा-पन्हाळा. जाता जाता चपलेचा एखादा जोड. यातलं काहीही टाळा असं मी म्हणणार नाही. पण ज्या शहराला आपण अभिमानानं ‘कलापूर’ म्हणतो, तिथे चित्रं बघायला कुठे जायचं, हे पाहुणा विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. माझी सगळी नोकरी इथल्या शाळांत चित्रकला शिकवण्यात गेली. याच शहरात जन्मलेल्या, रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या मुलांनी आबालाल रेहमान यांचं एकही मूळ चित्र पाहिलेलं नसायचं. त्यांच्या आईवडिलांनीही नाही.

हा विषय आत्ताच काढायला कारण आहे. मे 2025 मध्ये चौंडीला झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली. रक्कम 1,445 कोटी 97 लाख रुपये. एवढ्या पैशानं जुन्या गावाचा चेहरा बदलणार, हे उघड आहे. नवरात्रात आणि सुट्यांच्या दिवसांत तासन् तास रांगेत ताटकळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बघून सोयी नकोत असं कोण म्हणेल? पण मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या दुकानं थाटलेल्या लोकांच्या पोटात गोळा आला आहे आणि त्यांची काळजी मला रास्त वाटते. त्यांच्या भाड्याचा आणि मोबदल्याचा हिशेब वकील मांडतील. मला मांडायचं आहे ते वेगळं. कोल्हापूरची चित्रकला या गल्ल्यांतल्या दुकानांमधून आणि कारखान्यांमधून वर आलेली आहे. दुकान गेलं, तर चित्र पोरकं होतं.

बाबूराव पेंटरांचंच बघा. जन्म 1890 चा, आडनाव मेस्त्री, घर कारागिराचं. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव कुठल्या कला महाविद्यालयात गेले नाहीत. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून त्यांनी नाव मिळवलं. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी त्यांनी रंगवलेल्या पडद्यांवर लोक खूश असत. गिऱ्हाईक सांगेल त्या मापाचं, सांगेल त्या मुदतीत काम करून देणारी ही माणसं. सिनेमाचं वेड लागल्यावर मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणून त्यांनी तो उलगडून पाहिला. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी आपले साथीदार दामले यांना हाताशी घेऊन इथल्या इथे कॅमेरा तयार केला, आणि त्या कॅमेऱ्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून दामले, फत्तेलाल, शांताराम घडले आणि पुढे 1929 मध्ये त्यांनी प्रभात काढली तीही कोल्हापुरातच. बाबूरावांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज भारतीय सिनेमाच्या जुन्यात जुन्या पोस्टरांत गणलं जातं. पडदा, पाटी, पोस्टर, पुतळा, कॅमेरा ही सगळी एकाच हाताची कामं होती. खरी कॉर्नरला त्यांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. त्याच्यासमोर दुचाकी लावून लोक बाजार करतात. तो कसला स्तंभ आहे, हे लहान मुलाला थांबून सांगणारं माणूस मात्र मला क्वचितच दिसतं.

आता टाउन हॉलकडे वळू. सीपीआर रुग्णालयासमोरची ती उंच शिखरांची, काळ्या दगडाची इमारत चार्ल्स मँट यांनी 1872 ते 1876 या काळात उभी केली. न्यू पॅलेसही त्यांचाच. टाउन हॉलमध्ये आज सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती इथली सगळ्यात नावाजलेली वस्तू. पंचगंगेच्या काठच्या गावात रोमन जगातून माल येत होता, याचा तो पुरावा. मुलांना ती मूर्ती हमखास आवडते. पण मी त्यांना तिथून पुढे, आबालाल रेहमान यांच्या चित्रांकडे घेऊन जायची.

आबालाल यांचं घराणं कुराणाच्या हस्तलिखित प्रती लिहिणाऱ्यांचं. म्हणजे बोरू, शाई आणि कागद घरातच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले आणि मोठ्या शहरातली मिळकत सोडून कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. एरवी ते रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ इथेच वेगवेगळ्या वेळांचा उजेड टिपत हिंडायचे. मिळेल त्या कागदावर काढायचे. संध्यामठाचं त्यांचं चित्र मी मुलांना नेहमी जवळ जाऊन बघायला लावायची. लांबून दगडी मठ आणि पाणी दिसतं. वीतभर अंतरावरून बघितलं, की मठ विरघळतो आणि नुसते रंगांचे बारीक ठिपके उरतात. एकात दुसरा न मिसळलेले, शेजारी शेजारी ठेवलेले. पाण्यातल्या सावलीत जांभळा आहे, हे तिथे कळतं. मग मी मुलांना संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन तो जांभळा शोधायला सांगायची. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन ‘बाई, खरंच हाय की’ म्हणणारी मुलं मला आजही रस्त्यात भेटतात. एक जण बँकेत आहे, एक जण ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. चित्रकार त्यांच्यातलं कोणी झालं नाही आणि व्हायलाच हवं असंही नव्हतं. त्यांना रंकाळा दिसायला लागला.

शाहू महाराज 1922 मध्ये गेले, तेव्हा आबालालनी दुःखाच्या भरात आपली कितीतरी चित्रं रंकाळ्यात सोडून दिली, अशी आख्यायिका इथे सांगतात. खरं-खोटं कसंही असो, जी उरली त्यांतली काही आपल्या गावात आहेत. आणि ज्या खोल्यांत ती आहेत, तिथे सुट्टीच्या दिवशीसुद्धा मला कित्येकदा एकटीनंच उभं राहायला मिळालं आहे. अंबाबाईच्या आवारातून चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. तिथे माणसं मावत नाहीत आणि इथे पहारेकरी खुर्चीत बसून असतो.

माझी भाची आणि तिचा नवरा ठाण्याहून आले होते, तेव्हा मी हट्टानं त्यांची गाडी दसरा चौकात लावायला लावली आणि दोघांना पायी नेलं. आधी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात. तिथे आमच्याच एका कला महाविद्यालयातल्या मुलांची चित्रं लागली होती. मग टाउन हॉल. मग भाऊसिंगजी रोडनं सरळ खाली, महापालिकेवरून शिवाजी चौक आणि तिथून चप्पल लाईन. जावईबापू पहिल्या अर्ध्या तासात घड्याळ बघत होते. चप्पल लाईनीत ते स्टुलावर बसले आणि उठेनात.

त्याला कारण त्या दुकानातला माणूस. माझा जुना ओळखीचा, त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली. सुभाषनगरात त्यांचा घरचा कारखाना आहे. म्हातारी आई अजून चपलेची वेणी घालते. जावयांनी एक गुळगुळीत, चकचकीत जोड उचलला, तर त्यानं तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला.

“ह्यो नको, पावणं. ह्यो मशीनचा हाय. बाईंबरोबर आलाय, तुम्हाला ह्यो दिऊन कसं चालंल?”

मग त्यानं आतून दुसरा काढला. रंग थोडा निबर, कातड्यावर बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा वास. तळ उलटा करून दाखवला: खिळा कुठेही नाही, सगळी शिवण कातड्याच्या वादीची. वरच्या पट्ट्यावर वेणी इतकी बारीक, की भाचीनं ती डोळ्यांजवळ नेली. दोऱ्यासारखी दिसते, पण असते कातड्याचीच. रापीनं कातडं सुतासारखं कापायचं, ओलं असतानाच विणायचं, वाळल्यावर ते स्वतःला आवळून घेतं. हे काम बहुतेक बायकाच करतात, घरात, बाकीची कामं उरकून. ‘वेणी किती वेळात होते?’ या भाचीच्या प्रश्नावर तो म्हणाला, “आईला विचारलंसा तर म्हणती, पोरं झोपली की हुती.” मग पायात घालून चालायला लावलं, अंगठ्याजवळ आवळतं का विचारलं, रात्री तेल लावून ठेवा म्हणाला आणि पहिल्या पावसात घालू नका म्हणून बजावलं.

टाउन हॉलमध्ये आबालालच्या चित्रापुढे आम्ही जवळ जाऊन ठिपके बघितले होते आणि इथे जवळ जाऊन वेणी बघितली. बघायची रीत एकच. ज्यानं एक नीट बघितलं, त्याला दुसरं बघायला शिकवावं लागत नाही. म्हणून मला या दोन जागा वेगळ्या वाटत नाहीत.

या चपलेचं जगात काय झालं, ते सगळ्यांनी वाचलं आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरी पायताणांसारख्या सँडल दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. गदारोळ झाला, कंपनीनं मूळ मान्य केलं, त्यांची माणसं इथे येऊन गेली आणि डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन 2,000 जोड बनवायचं ठरलं. किंमत सुमारे 800 युरो. या चपलेला 2019 मध्येच दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. आपला राग खरा होता, त्यात खोट नव्हती. पण राग मिलानवर जितका निघाला, त्याच्या पाव हिश्श्यानंही आपण चप्पल लाईनीत शिरून हाताचा जोड कोणता आणि यंत्राचा कोणता, हे विचारायला शिकलो नाही. सहाशे रुपयांच्या खाली मागणारे आपणच. चामडं महागलं, मिळेनासं झालं, कारागिरांची पोरं एमआयडीसीत लागली, हे दुकानदार सांगतो तेव्हा आपण ‘काय कमी करणार?’ एवढंच विचारतो. हाताच्या जोडाला हाताची किंमत देणं ही कोल्हापूरकरांनी आधी अंगवळणी पाडायची गोष्ट आहे.

गुजरीबद्दल, म्हणजे सराफ बाजाराबद्दल, थोडक्यात सांगते, कारण तिथली दुकानं अजून बऱ्यापैकी तग धरून आहेत. कोल्हापुरी साज घ्यायची ऐपत नसली तरी तो हातात घेऊन बघता येतो; जुने सराफ नाही म्हणत नाहीत. एकवीस पानांतली दशावतारांची पानं कोणती, अष्टमंगलाची कोणती, हे म्हातारा सराफ बोटानं मोजून दाखवतो. सोन्याच्या पत्र्यावर नखाएवढा मासा आणि कासव उठवणारा कारागीर वरच्या माडीवर बसलेला असतो.

पण ज्या कारागिरांची मला सगळ्यात जास्त चिंता आहे, ते आहेत पाट्या रंगवणारे. माझ्या लहानपणी पापाच्या तिकटीपासून गंगावेशीपर्यंत प्रत्येक दुकानाची पाटी हाताची असायची आणि अक्षरावरून पेंटर ओळखू यायचा. एकाचा ‘र’ पुढे झुकलेला, दुसऱ्याच्या शिरोरेषेला सोनेरी किनार. कला महाविद्यालयातून पदविका घेतलेली मुलं सुरुवातीला हेच काम करून पोट भरायची आणि उरलेल्या वेळात निसर्गचित्रं काढायची. फ्लेक्स आला आणि काही वर्षांत हा सगळा व्यवसाय आटला. शहर विद्रूप झालं, हे नुकसान सगळ्यांना दिसतं. तरुण चित्रकाराचा रोजचा भाकरतुकडा गेला, हे त्याहून मोठं नुकसान कोणी मोजलं नाही. गणपतीचे चार महिने तेवढे आज त्याला आधार देतात. शाहूपुरीत, गंगावेशीत, बापट कॅम्पात श्रावणाच्या सुमाराला रात्री दहानंतर जाऊन बघा. रंगकाम आटोपलेल्या मूर्तींच्या ओळीपुढे एकच माणूस बसलेला असतो, डोळ्यांची आखणी करणारा. बाकी कामं कोणीही करतं, आखणी मात्र ठरलेल्या हातांची. तो श्वास धरतो, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतो आणि पापणीची रेघ एका दमात ओढतो. रेघ पुसायची सोय नसते. त्यातले कितीतरी जण कलानिकेतन, दळवीज, कलामंदिर या कला महाविद्यालयांत शिकलेले आहेत. त्यांची चित्रं विकत घेणारं घर या शहरात त्यांना मिळालं, तर ते उरलेले आठ महिने दुसरीकडे राबायला जाणार नाहीत.

घरं तर आहेत. नव्या बंगल्यांच्या छताला लाखाचं पीओपी होतं, दिवाणखान्यात मात्र दुकानातून आणलेला छापील धबधबा लागतो. शाहू स्मारकात त्याच आठवड्यात एखाद्या मुलानं पन्हाळ्याच्या पायथ्याचं जलरंगातलं चित्र लावलेलं असतं, मोबाइलच्या किमतीच्या पाव भागात. उद्घाटनाला नातेवाईक आणि मित्र येतात. दुसऱ्या दिवसापासून पोरगं खुर्चीत बसून वाट बघतं. माझी कोल्हापूरकरांना कळकळीची विनंती आहे: वास्तुशांतीला एक खरं चित्र घ्या. रंगबहार संस्था टाउन हॉलच्या बागेत मैफल भरवते, झाडाखाली चित्रकार लोकांसमोर रंगवतात आणि गाणं चालू असतं, तिथे पोरांना घेऊन या.

चित्रांचं एक घर तर गावात आयतंच आहे: राजारामपुरीतल्या सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. पडद्यावरचा शिवाजी म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखत होता, पण हा माणूस आयुष्यभर चित्रं काढत राहिला, पावडर शेडिंगचं त्यांचं स्वतःचं तंत्र होतं, आणि आपलं राहतं घर चित्रांसकट त्यांनी सरकारच्या हवाली केलं. असा दानशूरपणा दुसऱ्या गावात झाला असता तर बसस्थानकापासून त्या घराचे फलक लागले असते. आमच्याकडे गल्लीतल्या गल्लीत पत्ता विचारत जावं लागतं.

मंदिर आराखड्याच्या पैशात मला मोठं काहीतरी नवं नको आहे. गावाबाहेर माळावर उभारलेलं काचेचं कलासंकुल तर मुळीच नको. तिथे चप्पल लाईन नसेल, गुजरी नसेल, आखणीवाला नसेल. दसरा चौक ते खरी कॉर्नर हा रस्ता आधीच अस्तित्वात आहे. शाहू स्मारक, टाउन हॉल, चप्पल लाईन, गुजरी, अंबाबाई, भवानी मंडप, खासबाग, केशवराव भोसले नाट्यगृह. सगळं चालण्याच्या अंतरात. पदपथ मोकळे करा, फलक लावा, तेही हाताने रंगवलेले, म्हणजे पाटी पेंटरांना काम मिळेल. टाउन हॉलची दारं शनिवार-रविवारी तरी दिवेलागणीनंतर उघडी ठेवा, कारण दर्शन आटोपून माणूस मोकळा होतो तो तेव्हाच. चित्रांवर चांगला उजेड आणि शेजारी मराठीत दोन नीट ओळी असाव्यात. मंदिराभोवतीच्या ज्या गल्ल्यांत अजून हातानं काम चालतं, तिथल्या कारागिराला तळमजल्याची जागा मिळेल, अशी अट आराखड्यातच घाला. त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात नेऊन बसवलंत, तर त्याचं काम कोणाच्या नजरेला पडणार नाही.

एक मागणी विशेष करून. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. अख्खं गाव रडलं. ते आता पुन्हा उभं राहतंय. दिवे येतील, ध्वनियंत्रणा येईल, खुर्च्या येतील. पण ज्या शहरात आनंदराव आणि बाबूरावांनी ललितकलादर्शचे पडदे रंगवले, तिथल्या रंगमंचासाठी एक तरी पडदा हातानं रंगवलेला असावा. तो कोल्हापुरातल्या पोरांनी रंगवावा, आखणी करणाऱ्यांनी, पाट्या सोडून दिलेल्यांनी, कलानिकेतन आणि दळवीजमधल्या विद्यार्थ्यांनी मिळून. कापड आणि रंगाचा खर्च अशा बांधकामाच्या हिशेबात चिल्लर आहे. कामाची रीतसर मजुरी द्या, नावं खाली कोपऱ्यात लिहू द्या, आणि ते रंगवतील तेव्हा नाट्यगृहाचं दार लोकांना बघायला उघडं ठेवा.